अडलेलं सांगायची पंगत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगरावर ती घडली त्या डोंगराचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या डोंगरावर एक विद्यापीठ होतं. विद्यापीठ म्हटलं म्हणून दगडी महाल डोळ्यांपुढे आणू नका. कौलारू ओसरी, मागे विहीर, बाजूला आंब्याफणसाची झाडं, एवढाच त्याचा पसारा. तिथे एक आचार्य राहत. त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: या जगात जीव एकमेकांच्या कामी का येतात? भांडणं का होतात हे कुणीही सांगेल, त्यासाठी आचार्य लागत नाहीत. पण कुणी सांगितलेलं नसताना एकजण दुसऱ्याच्या ओझ्याला हात लावतो, तो का?

आचार्यांचे शिष्य तीन. थोरला गावोगाव हिंडे. कुठल्या गावात विहिरीचा गाळ सगळे मिळून काढतात, कुठे लग्नघरी शेजारी न बोलावता भाकऱ्या थापायला बसतात, हे तो बघे. मधला बाजारपेठांतून फिरे. परमुलखातल्या माणसाला व्यापारी नुसत्या शब्दावर माल कसा देतो, हा त्याचा विषय. आणि धाकटी, ती रानात रमे. मुंग्या, पाखरं, झाडं, वेली. तिघांचा प्रश्न एकच होता, वाटा तेवढ्या वेगळ्या होत्या.

आचार्यांनी तिथे एक रीत घातली होती. दिवेलागणीला पंगत बसली, की पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने आपलं अडलेलं सांगायचं. कळलेलं नव्हे, अडलेलं. ज्याचं काहीच अडलेलं नाही, त्याने ताटावरून उठायचं. त्याला आज भूक नाही असं समजायचं.

"कळलेलं सांगायला नुसती जीभ पुरते," आचार्य म्हणत. "अडलेलं सांगायला समोरच्यावर भरवसा लागतो. आणि आपण अभ्यास कशाचा करतोय, ते विसरू नका."

मग काय गंमत होई. थोरल्याचं गावात अडलेलं मधल्याच्या बाजारात सुटे. मधल्याचा गुंता धाकटीच्या मुंग्या सोडवत. आमटी निवून जाई, भात गार होई, पण तिघांचं बोलणं संपत नसे. धाकटी लहान असताना तिला अक्षरं थोरल्यानेच गिरवायला शिकवली होती. ती त्याला दादा म्हणे, आणि सगळ्यांत आधी आपलं अडलेलं त्याच्याकडेच बघून सांगे. थोरल्याला ते मनातून फार आवडे.

असे दिवस गेले, आणि एका हिवाळ्यात आचार्य गेले. त्यांचं आसन रिकामं झालं. तिघं रडली. पण पंगत चालू राहिली आणि रीतही चालू राहिली. आसनावर कुणी बसावं, हा विषय कुणी काढला नाही.

तो राजाने काढला.

डोंगराखालच्या खोऱ्यात पाच गावांचा मिळून एक मोठा तलाव होता. पूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी पाचही गावं एकदम तलावावर जमत आणि बांधाची डागडुजी करत. कामापेक्षा आरडाओरडा जास्त, पण बांध नीट होई. पुढे एका प्रधानाला तो गोंधळ बघवेना. त्याने बांधाचे पाच तुकडे पाडले. एकेका गावाला एकेक तुकडा आणि एकेक वेगळा आठवडा नेमून दिला. भांडणं थांबली. प्रधानाची वाहवा झाली. मग हळूहळू कामही थांबलं. शेजारच्या गावाचा तुकडा खचलेलाच आहे, मग आपलाच नीट करून काय दिवे लावायचे, असं पाचही गावं म्हणू लागली. बांधाला भेगा पडल्या.

राजा डोंगर चढून विद्यापीठात आला. त्याच्याबरोबर गावचे चार लोक होते, आणि एक म्हातारी. तिचं गाव तलावाच्या अगदी खाली, बांध फुटला तर पहिलं पाणी तिच्या उंबऱ्यात यायचं.

"तुम्ही लोक एकोप्याचा अभ्यास करता ना?" राजा म्हणाला. "मग मला सांगा, ही माणसं पुन्हा बांधावर कशी येतील? मृग लागायच्या आत बांध झाला पाहिजे. तुम्हाला सांगता आलं नाही, तर माझ्याकडे वेठ आहे. शिपाई घराघरांतून माणसं काढतील."

म्हातारी खालीच बघत होती. ती म्हणाली, "म्हाराज, वेठीनं मानूस येतंय, न्हाई असं न्हाई. पर त्याचा जीव घरीच ऱ्हातो. बिनजिवाच्या हातानं लावलेला धोंडा पानी धरत न्हाई."

"म्हणून तर इथवर आलो, बाई," राजा म्हणाला, आणि तिघांकडे वळला. "तुमच्यापैकी जो मला उपाय सांगेल, त्याला मी आचार्यांच्या आसनावर बसवीन."

राजा काही वाईट नव्हता. पण त्याने 'जो' म्हटलं, 'जे' म्हटलं नाही. तिघांनी मिळून उपाय शोधला तर आसन कुणाचं, हे त्यानेही विचारात घेतलं नाही आणि या तिघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं, तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती.

त्या संध्याकाळी पंगत बसली. थोरल्याच्या मनात खूप काही अडलेलं होतं. गावोगाव हिंडताना त्याला एक दिसलं होतं, की ज्या कामात माणसांना एकमेकांचा घाम दिसतो, त्या कामाला ती येतात. पण मग तेवढ्याने ती टिकतात का? काही गावांत टिकत, काहींत चौथ्या दिवशी पांगत. हा फरक कशाने पडतो, ते त्याला कळत नव्हतं. हे सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि समोर मधला बसलेला दिसला. याला सांगावं, याने तेवढा धागा उचलावा आणि उद्या राजाकडे जावं? थोरल्याने तोंड मिटलं.

"माझं आज काही अडलं नाही," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

मधल्याने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग तोही म्हणाला, "माझंही नाही." तोही उठला.

धाकटी एकटी उरली. तिला वाटलं, आचार्यांच्या आठवणीने यांची अन्नावरची वासना उडाली असेल. तिने रिकाम्या ताटांकडे बघत आपलं अडलेलं सांगून टाकलं. "सातभाई पाखरांचा थवा खाली किडे टिपत असतो, तेव्हा त्यांच्यातलं एक पाखरू उंच फांदीवर पहाऱ्याला बसतं. ससाणा आला की ते ओरडतं, सगळे वाचतात. पण ते स्वतः उपाशी राहतं. त्याला कुणी बांधून ठेवलेलं नाही. ते खाली का उतरत नाही, हे मला कळत नाही. सगळी पाखरं सारखीच दिसतात, ओळखू येत नाहीत."

थोरला दाराआड उभा राहून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याला त्या म्हातारीचं एक बोलणं आठवलं. मागे एकदा तिच्या ओसरीवर ताक पीत बसला असताना ती म्हणाली होती, की जुन्या काळी तलावाच्या मोरीत, म्हणजे बांधाखालच्या पाणी सोडायच्या वाटेत, छातीएवढ्या गार चिखलात उतरायचं काम दरसाल वेगळ्या गावाकडे असे. "औंदा आमी, तर फुडल्या साली वरचं गाव. मंग कुनी कुरकुर करंना." तेव्हा थोरल्याने ते नुसतं ऐकून घेतलं होतं. असते एकेका ठिकाणची रीत, असं म्हणून सोडून दिलं होतं.

आता ते आठवलं आणि त्याच्या मनात काहीतरी हललं. पंगतीत असता तर त्याने ते तिथेच बोलून टाकलं असतं. धाकटीने भुवई उंचावली असती, मधल्याने मधेच तोंड घातलं असतं, आणि आमटी निवेपर्यंत कोडं सुटलंही असतं. पण थोरला ताटावरून उठलेला होता. दाराआडच्या माणसाला बोलता येत नाही. तो मुकाट्याने विहिरीकडे गेला आणि घटाघटा पाणी प्यायला.

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं, तिसऱ्या संध्याकाळीही तेच. जगातल्या एकोप्याचे दोन गाढे अभ्यासक, आणि एकमेकांना चार शब्द सांगण्यापेक्षा उपाशी झोपायचे. हसू येतं ना? मलाही येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

पोट मात्र विद्वानाचंही पोटच असतं. मधल्याने आधी युक्ती काढली. तो पंगतीला बसला आणि त्याने एक खोटंच कोडं सांगितलं. कुठल्याशा बाजारात व्यापारी म्हणे डोळे मिटून सौदा करतात. थोरल्याला ते खोटं आहे हे लगेच कळलं. चोराची पावलं चोराला ठाऊक. पण मधला पोटभर जेवला. मग थोरल्यानेही धीर केला.

"घाटापलीकडच्या डोंगरात," तो भाताकडे बघत म्हणाला, "दोन वेगळ्या जातींची पाखरं एकाच घरट्यात पिल्लं वाढवतात, असं गुराखी सांगतात. का वाढवतात, ते कळत नाही. माझं सगळं तिथे अडलंय."

गुराख्यांनी असं काही सांगितलेलं नव्हतं. भुकेल्या तोंडाला जे सुचलं, ते तो बोलून गेला.

धाकटीने हातातला घास खाली ठेवला. "दादा, मग इतके दिवस बोलला का नाहीस? पाखरांचं आहे म्हणजे माझंच काम. मी घाट उतरून बघून येते."

"अगं, आता मृग जवळ आला. आणि तुझं ते सातभाईंचं?"

"माझं राहू दे. माझं काय, कधीही सुटेल. तुझं सगळं तिथे अडलंय ना?"

थोरल्याला त्याच वेळी खरं बोलता आलं असतं. 'बस गं, असं घरटं नाही, मी थापा मारल्या,' इतकंच. ती हसली असती, फार तर एक दिवस रुसली असती. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेही. पण मनाच्या कोपऱ्यात एक हलकट विचार बसला होता: ती इथे नसेल, तर एक वाटेकरी कमी. तो विचार त्याला दिसला, त्याची लाजही वाटली, आणि तरी तो गप्प राहिला. धाकटीने शिदोरी बांधली, त्याच्या पाया पडली आणि घाटाच्या वाटेने निघून गेली.

थोडे दिवस गेले आणि राजाने तलावाच्या काठी सभा भरवली.

मधला पुढे झाला. "महाराज, व्यापारी त्याच माणसाला फसवत नाही, जो त्याला पुन्हा भेटणार असतो. ज्यांची पुन्हा गाठ पडायची, ते एकमेकांशी नीट वागतात."

"हे बाजारात चालतं," थोरला मधेच म्हणाला. "गाव म्हणजे बाजार नव्हे. महाराज, ज्याला दुसऱ्याचा घाम दिसतो, तो स्वतःचा गाळतो. प्रधानजींनी बांधाचे तुकडे पाडले, तिथे चुकलं. पाचही गावं एका दिवशी, एका बांधावर आणा."

"आणि दिसलं म्हणजे झालं?" मधला चिडून म्हणाला. "घाम दिसतो तसा आळसही दिसतो."

खरं म्हणजे दोघंही बरोबर बोलत होते. पण दोघांचाही जोर समोरच्याला पाडण्यावर होता. राजा कंटाळला. थोरल्याचा उपाय लगेच करण्यासारखा होता, म्हणून त्याने तो उचलला. मधला सभेतूनच उठला, बाहेरून चाललेल्या व्यापाऱ्यांच्या एका तांड्याबरोबर गेला, आणि पुन्हा त्या डोंगरावर आला नाही.

आणि पाचही गावं खरोखर आली. पहिल्या दिवशी बांधावर नुसती जत्रा होती. जुने ओळखीचे चेहरे भेटले, घमेली हातोहात फिरली, कुणी गाणं धरलं. म्हातारीने सगळ्यांना गुळपाणी दिलं. थोरला वडाखाली उभा राहून बघत होता आणि त्याचा ऊर भरून आला होता. आसन तर मिळणारच, पण बांधही होणार, याचा आनंद त्याला खराच होता. माणूस अगदी एकाच रंगाचा नसतो.

मग मोरीचा प्रश्न आला. चिखलात कोण उतरणार? प्रधानाने हिशेब केला: मोरी खालच्या गावाला जवळ, तेव्हा खालचं गाव. ते उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर कोरड्यात माती टाकणारी माणसं त्यांना स्पष्ट दिसत होती. दिसत होती म्हणूनच राग येत होता.

"आमीच का रोज?" चिखलातला एकजण वर बघून म्हणाला.

"मोरी तुमच्या दारात, मंग कोन उतरंल?" वरून उत्तर आलं.

कुणीतरी चिखलाचा गोळा भिरकावला, कुणीतरी फावडं उगारलं. दुपारपर्यंत बांध ओस पडला. पाचही गावं, आता एकमेकांचा चेहरा नीट पाहून, घरी गेली.

थोरला वडाखालून धावत मोरीपाशी आला. म्हातारी तिथे एकटीच उभी होती. तिचं ते पाळीचं बोलणं त्याला आता पूर्ण आठवलं, आणि धाकटीचं उपाशी पाखरूही. दोन्ही गोष्टी एकमेकींना येऊन भिडल्या. तो राजाकडे पळाला. "महाराज, पाळी लावा. मोरीत रोज वेगळं गाव उतरू द्या, ते येतील."

"तुझा एक उपाय करून पाहिला," राजा म्हणाला. "आता आभाळ भरून आलंय. मला वेळ नाही."

शिपाई निघाले. वेठीने माणसं आली. काठीखाली बांध पुरा झाला, आणि दिसायला चांगला झाला. मोरीच्या तोंडात ज्यांनी दगड रचले, त्यांनी ते चुन्यामातीत बसवले नाहीत, नुसते लोटले. कुणी बघायला वाकलं नाही. राजाने थोरल्याला आसनही दिलं. दुसरा कुणी उरलाच नव्हता.

मृगाच्या पावसात बांध टिकला, पण आर्द्रा कोसळल्या. बांध मोरीपाशीच फुटला. खालच्या गावची माणसं आवाज ऐकून टेकडीवर पळाली, म्हणून बरीचशी वाचली. घरं गेली, गुरं गेली, काळी माती धुऊन खाली नुसते गोटे राहिले. म्हातारी गोठ्यातली गाय सोडायला मागे फिरली होती. गाय टेकडीवर आली. म्हातारी आली नाही.

पाऊस ओसरल्यावर, नद्या उतरल्यावर धाकटी परतली. हिवतापाने तिचे गाल बसले होते, पाय सुजले होते. थोरला आसनावर बसला होता. ती तशीच त्याच्यापुढे येऊन जमिनीवर बसली.

"दादा, सगळा डोंगर पालथा घातला. तसं घरटं नाही मिळालं रे," ती म्हणाली. "तुझं काम नाही झालं. पण तिथे एका थव्यात एक मोडक्या शेपटीचा सातभाई होता, त्यामुळे तो ओळखू येई. तो पहाऱ्यावरून खाली उतरतो आणि दुसरा वर जातो. पाळी असते, दादा. आपण उतरलो की दुसरा चढणार, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो उपाशी बसतो. इतकं साधं होतं. हे खोऱ्यातल्या लोकांना सांगितलं तर..."

"खालचं गाव गेलं," थोरला म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. घरटं नव्हतंच, हे सांगितलं. दाराआडून तिचं अडलेलं ऐकलं होतं, आणि पाळीची गोष्ट आपल्याला त्याच संध्याकाळी आठवली होती, हेही सांगितलं. सांगताना तो आसनावरून कधी खाली उतरला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

धाकटी रडली नाही, तिने बोलही लावले नाहीत. तिने आपल्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला.

"आसन हवं होतं, तर मला मागायचंस, दादा," ती म्हणाली. "मी दिलं असतं की. मला कुठे बसायचं होतं त्याच्यावर?"

 

ती दुसऱ्या सकाळी डोंगर उतरून गेली. टेकडीवर पालं टाकून राहिलेल्या खालच्या गावच्या लोकांत ती मिसळली आणि त्यांच्यातलीच झाली. पुढे पाचही गावांनी पाळी लावून नवा बांध घातला, तेव्हा पहिल्या दिवशी चिखलात उतरणाऱ्यांत तीही होती, असं सांगतात.

थोरला वर राहिला. त्याचं नाव झालं, दूरदूरचे शिष्य आले. त्याने पंगतीची रीत मोडली नाही. रोज दिवेलागणीला तो स्वतः सगळ्यांत आधी आपलं अडलेलं सांगे, अगदी खरं सांगे. मग शिष्य आपापलं सांगत. चांगली, सरळ मुलं होती ती. पण थोरला एकेकाच्या तोंडाकडे बघत राही. हा खरंच अडलाय, की जेवणासाठी बोलतोय? त्याला ओळखता येत नसे. मरेपर्यंत त्याला एकाही शिष्याचं अडलेलं विश्वासाने ऐकता आलं नाही, म्हणून एकाचंही सोडवता आलं नाही.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: जो आपलं अडलेलं आपल्याच माणसांपासून लपवतो, त्याच्यापाशी अखेर विश्वास ठेवायला कुणीच उरत नाही.